भूमापन क्रमांकापासून बाग नोंदणी क्रमांकापर्यंत : महाराष्ट्रातील फळबागांची नकाशानोंद आणि निर्यातीची साखळी

प्रस्तावना

महाराष्ट्रातील फळशेतीचा इतिहास लिहिताना वाण, पाणी, सहकार आणि बाजारपेठ या अंगांचा विचार बहुधा केला जातो. बाग नेमकी कोठे आहे, कोणाच्या नावावर आहे, तिची नोंद कोणी केली आणि कशासाठी केली, हे प्रश्न मात्र कार्यालयीन स्वरूपाचे मानून बाजूला ठेवले जातात. वस्तुतः गेल्या दोन दशकांत युरोपात गेलेल्या द्राक्षाच्या पेटीमागे अशी एक नोंद उभी आहे. ती नोंद नसेल तर माल कितीही उत्तम असला तरी युरोपच्या बाजारात त्याला प्रवेश मिळत नाही. प्रस्तुत लेखात या नोंदीचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. शेताची नोंद ही नोंद करवून घेणाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर देते, शेतकऱ्याच्या प्रश्नाचे देतेच असे नाही, हे या इतिहासातून दिसते. ‘शाश्वत पुरवठा साखळी’ हा शब्दप्रयोग अलीकडे सर्वत्र रूढ झाला आहे. त्यातील ‘शाश्वत’ या शब्दाची कसोटी येथेच लागते.

महसुलासाठी मोजलेली जमीन

जमीनमोजणी या प्रदेशाला नवी नव्हती. शिवकाळात अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली झालेल्या मोजणीत पाच हात पाच मुठी लांबीची काठी प्रमाण मानली गेली होती. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर हे कोष्टक पुढेही दीर्घकाळ चालले. कोकणातील आगरांत तर जमिनीपेक्षा झाडे मोजण्याची रीत होती; माडांच्या संख्येवर कर बसे. फळझाड हेच नोंदीचे एकक मानणारी ही पद्धत आजच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे.

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात पहिली व्यापक मोजणी पुणे भागात पुणे जिल्ह्याचे साहाय्यक कलेक्टर प्रिंगल यांनी १८२० च्या दशकाच्या अखेरीस केली. तिच्यातील चुका आणि भारी आकारणी यांमुळे ती फसली आणि अनेक गावांत शेते ओस पडली. त्यानंतर १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम सुरू केले. या दोघांनी डेव्हिडसन यांच्यासह १८४७ मध्ये सादर केलेला संयुक्त अहवाल हा मुंबई इलाख्याच्या भूमापनाचा पाया होय. एका बैलजोडीने वाहता येईल एवढे क्षेत्र हे भूमापन क्रमांकाचे साधारण माप ठरले. कोरडवाहू हलक्या जमिनीत ते मोठे, बागायतीत लहान असे. ३३ फुटांच्या साखळीने बांध मोजले गेले. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. हद्दीवर दगड रोवले गेले, टिपणे काढली गेली, प्रतबंदी झाली. आज द्राक्षबागायतदार ‘दीड एकर बाग’ म्हणतो तेव्हा तो याच साखळीच्या भाषेत बोलत असतो.

संयुक्त अहवालातील एक तरतूद येथे विशेष उल्लेखनीय आहे. गावांचे गट पाडून प्रत्येक गटाचा कमाल दर ठरविताना हवामान व शेतीची पद्धत यांबरोबर बाजारपेठेचे सान्निध्य आणि दळणवळणाची सोय याही बाबी धरल्या गेल्या. म्हणजे शेत आणि बाजार यांमधील अंतर सरकारी दप्तरात एकोणिसाव्या शतकातच दाखल झाले होते. अर्थात शेतमाल नीट पोहोचावा हा त्यामागचा हेतू नव्हता. बाजार जवळ, म्हणून सारा अधिक, एवढाच त्याचा अर्थ होता.

याच परंपरेतील आणखी एक तत्त्व पुढे १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेत आले. खातेदाराने स्वतःच्या खर्चाने केलेल्या सुधारणेचा, म्हणजे मुख्यतः विहिरीचा, लाभ फेरआकारणीत धरावयाचा नाही, असे ते तत्त्व होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे न्याय्यच होते. विहीर खोदली म्हणून सारा वाढला असता तर विहिरी खोदल्याच गेल्या नसत्या. पण त्याचा एक परिणाम असाही झाला की जमिनीखालच्या पाण्याची मोजदाद ठेवण्याचे महसूल खात्याला कारण उरले नाही. गाव नमुना बारामध्ये सिंचनाचे साधन लिहिण्याचा रकाना आहे. परंतु विहीर किती खोल आहे आणि उन्हाळ्यात तिला किती पाणी टिकते, हे त्यात येत नाही. सातबारा हा हक्काचा व पिकाचा कागद झाला, पाण्याचा झाला नाही.

१९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत जुन्या भूमापन क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले. कागदावर तुकडे जोडले गेले. प्रत्यक्षात भाऊबंदकीच्या वाटण्या चालूच राहिल्या. पुढे फळबागांची नोंदणी ज्या पायावर उभी राहिली तो पाया असा होता: क्षेत्राच्या बाबतीत बराच काटेकोर, वहिवाटीच्या बाबतीत सैल आणि पाण्याच्या बाबतीत जवळजवळ मुका.

मांडवावरील शेती आणि परदेशी बाजार

द्राक्ष हे महाराष्ट्रात मोजक्या बागायतदारांच्या हौसेचे पीक होते. ते व्यापारी पीक बनण्यात १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाचा वाटा मोठा आहे. येथील शेतकऱ्यांनी परदेशी वाण जसेच्या तसे वापरले नाहीत. थॉम्पसन सीडलेसमधून निवड करून तासगाव तालुक्यातील वसंतराव आर्वे यांनी ‘तास-ए-गणेश’ हा वाण पुढे आणला, तर सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’. हे काम संशोधन केंद्रात नव्हे तर बांधावर झाले होते, ही गोष्ट द्राक्षाचा इतिहास लिहिताना पुरेशा ठळकपणे सांगितली जात नाही. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झाले ते १९९७ मध्ये.

१९९१ मध्ये सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ची उभारणी केली आणि युरोपकडे पद्धतशीर निर्यात सुरू झाली. तोडणीनंतर काही तासांत माल थंड करणे, शीतगृहात ठेवणे, पेटीत गंधकवायू सोडणारे कागद घालणे आणि न्हावा-शेवा बंदरातून समुद्रमार्गे तो युरोपात पोहोचविणे ही सारी कला अनुभवातून, आणि बऱ्याच नुकसानीतून, शिकावी लागली. या काळातील साखळीला बागेचा नकाशा लागत नव्हता. रॉटरडॅमच्या व्यापाऱ्याला पेटी कोणत्या निर्यातदाराची आहे एवढे समजले की पुरे होत असे. निफाड, दिंडोरी, तासगाव किंवा जुन्नर येथील बाग त्याच्या दृष्टीने निर्यातदाराच्या नावामागे झाकलेली होती.

ग्रेपनेटचा उदय

ही स्थिती २००३ मध्ये बदलली. त्या वर्षी नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांच्या काही नमुन्यांत मेथोमिल व ॲसिफेट या कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले. दोष काही बागांचा होता. संशय मात्र साऱ्या भारतीय द्राक्षांवर आला. कोणत्या बागेतील माल सदोष आहे हे दाखविता येत नसल्यामुळे निर्दोष बागायतदारालाही आपली बाजू मांडता येईना. नोंद नसणे ही येथे शेतकऱ्याचीच हानी ठरली. पुढे झालेल्या नोंदणीवर टीका करताना हे विसरून चालणार नाही.

याच सुमारास युरोपीय संघाच्या २००२ च्या अन्न कायद्यातील अठरावे कलम १ जानेवारी २००५ पासून लागू झाले. अन्नव्यवसायातील प्रत्येकाने आपण माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला हे सांगता आले पाहिजे, असे ते कलम म्हणते. कायद्याच्या अक्षराने हे बंधन युरोपातील व्यावसायिकांवर होते. निफाडच्या शेतकऱ्यावर नव्हते. परंतु आयातदाराने ते निर्यातदाराकडे ढकलले आणि निर्यातदाराने बागेपर्यंत. युरोपातील मोठ्या विक्रेत्यांनी सुरू केलेल्या ‘युरेपगॅप’ या खासगी मानकाने, जे २००७ पासून ‘ग्लोबलगॅप’ झाले, शेताचा आराखडा व फवारणीची वही यांचा आग्रह धरलाच होता.

केंद्र शासनाच्या ‘अपेडा’ या संस्थेने प्रथम कीडनाशक अंश तपासणीची योजना आखली आणि २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय प्रणाली सुरू केली. तिची रचना थोडक्यात अशी. बागायतदाराने सातबारा उतारा व बागेचा कच्चा नकाशा यांसह कृषी कार्यालयात अर्ज करावयाचा. कृषी अधिकारी बाग पाहतात आणि बागेला एक स्वतंत्र नोंदणी क्रमांक मिळतो, ज्यात राज्य, जिल्हा व तालुका यांचे संकेत असतात. या नोंदणीचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. तोडणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस त्याच बागेतून नमुना घेतो. नमुना उत्तीर्ण झाला तरच माल मान्यताप्राप्त पॅकहाऊसमध्ये जातो. पुढे प्रतवारीचे व वनस्पती आरोग्याचे प्रमाणपत्र आणि पेट्यांवर माग काढण्याचा संकेत. नमुना अनुत्तीर्ण झाल्यास त्या बागेपुरता इशारा प्रणालीत उमटतो आणि शेजारची बाग अबाधित राहते.

सर्व्हे नंबर ज्याप्रमाणे सारा भरणाऱ्याला जमिनीशी जोडत होता त्याप्रमाणे हा क्रमांक पेटीला बागेशी जोडू लागला. एक-दोन एकरांच्या बागा असलेले लहान शेतकरी यामुळे युरोपच्या बाजारात टिकून राहिले, हे या व्यवस्थेचे निर्विवाद यश आहे. मोठमोठे मळे असलेल्या देशांशी स्पर्धा करताना विखुरलेल्या लहान बागांचा माग लावता येणे, ही सोपी गोष्ट नव्हती.

२०१० : क्रमांक होता, प्रश्न नव्हता

ग्रेपनेट सुरू होऊन चार हंगाम झाले असता २०१० मध्ये जे घडले त्याचा विचार अधिक तपशिलाने करणे आवश्यक आहे. त्या हंगामात युरोपातील तपासणीत महाराष्ट्रातील द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश आढळले. बागायतदार ज्याला ‘सीसीसी’ किंवा ‘लिहोसिन’ म्हणून ओळखत होते तेच हे वाढ नियंत्रक. युरोपात द्राक्षांसाठी त्याची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलीग्रॅम होती, म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग. कंटेनर अडले, माल परत घेण्याची किंवा नष्ट करण्याची वेळ आली आणि निर्यातदारांकडील बागायतदारांचे पैसेही अडकले.

येथे नोंदणी कमी पडली नव्हती. बागा नोंदलेल्या होत्या, नमुने घेतलेले होते, प्रयोगशाळेचे दाखले होते. परंतु येथील तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हते. जे विचारलेच नव्हते त्याचे उत्तर दाखल्यावर येणार कसे? माल रीतसर उत्तीर्ण होऊन गेला आणि दुसऱ्या टोकाला अनुत्तीर्ण ठरला.

यामागे एक खोल कारण होते आणि ते द्राक्षाच्या वेलीत होते. महाराष्ट्रात द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर नवीन काडी फार जोमाने वाढू नये आणि तिच्या डोळ्यांत घडनिर्मिती व्हावी यासाठी सीसीसीची फवारणी वर्षानुवर्षे होत असे. त्यावेळी वेलीवर फळ नसते. त्यामुळे फळात अंश उतरेल अशी शंका घेण्याचे कारण कोणाला वाटले नाही. पण हे रसायन वेलीच्या लाकडात टिकून राहते आणि पुढच्या हंगामातील घडात उतरते. बागायतदाराने एप्रिल-मेमध्ये केलेल्या कामाचा जाब त्याला पुढील वर्षीच्या मार्चमध्ये द्यावा लागला. नोंदणीला जागेचे भान होते, काळाचे नव्हते. फळाचा हिशेब गोडी छाटणीपासून धरला जात होता. वेलीचा हिशेब त्यापूर्वीच सुरू झालेला होता.

त्यानंतर या रसायनाचा तपासणीच्या यादीत समावेश झाला. बागायतदारांनी त्याचा वापर थांबविला, तरी लाकडातील जुने अंश जाईपर्यंत धास्ती कायम होती. नुकसानीच्या वाटणीचा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. क्रमांकाच्या साहाय्याने पेटीपासून बागेपर्यंत दोष नेमका पोहोचविता येतो. यादी करणारे, औषध विकणारे, दाखला देणारे आणि माल उचलणारे यांच्यामध्ये जबाबदारी कशी विभागावी, यासाठी त्या प्रणालीत रकाना नव्हता. साखळीच्या शेवटच्या कडीवर सर्व भार येतो तो असा.

कोकणातील आंबा : नाव एकाचे, बाग दुसऱ्याची

द्राक्षाचा हा नमुना पुढे डाळिंब, आंबा व भाजीपाला यांना लागू झाला. युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर घातलेली बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली आणि आंबाबागांच्या नोंदणीचा म्हणजे ‘मँगोनेट’चा आग्रह वाढला. परंतु सह्याद्रीच्या पलीकडे द्राक्षाची रीत जशीच्या तशी चालणे कठीण होते.

देशावरील द्राक्षबाग म्हणजे मांडव, ओळी आणि तारा. तिची हद्द डोळ्यांना दिसते. कोकणातील हापूसची झाडे कातळावर, उतारावर, काजू व रानझाडांच्या सोबतीने विखुरलेली असतात. शिवाय सातबारा बहुधा सामाईक असतो. त्यावरील नावांपैकी काही माणसे हयात नसतात, काही मुंबईत असतात, काहींचा पत्ताही गावात ठाऊक नसतो. अर्जावर सर्व सहहिस्सेदारांची संमती आणणे हेच एक काम होऊन बसते.

यापेक्षा गंभीर बाब कराराची आहे. अनेक बागा मालक स्वतः करीत नाहीत. हंगामासाठी किंवा काही वर्षांसाठी त्या कराराने देतात. मोहोरावर फवारणी करणारा, झाडाच्या बुंध्याशी ‘कल्टार’ घालणारा, आंबा उतरवून पेट्या भरणारा हा करारदार असतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने हापूसला दरवर्षी फळ यावे यासाठी कल्टारची, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोलची, शिफारस केली ती मोजून-मापून. अल्पमुदतीच्या करारदाराला मात्र झाडाच्या उद्याची चिंता असतेच असे नाही. अशा वेळी नोंदणी मालकाच्या सातबारावर होते आणि बागेत काय केले हे करारदारालाच ठाऊक असते. म्हणजे ज्याचे नाव आहे त्याला माहिती नाही आणि ज्याला माहिती आहे त्याचे नाव नाही. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तेव्हाही बाग आणि नाव यांची सांगड घालण्याचा हाच प्रश्न पुन्हा पुढे आला. आगरातील माड मोजणाऱ्या जुन्या कारकुनाला ही अडचण कदाचित इतकी जाणवली नसती. तो झाड मोजत होता.

आकाशातून दिसणारी बाग

भारतातील दूरसंवेदनाचा पहिला प्रयोग बागेवरच झाला होता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९७० च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली केरळमधील नारळाच्या मूळकुज रोगाचा वेध हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रे घेऊन लावण्यात आला. पुढे २०१४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने फळे व भाज्यांच्या क्षेत्राचा अंदाज घेण्यासाठी ‘चमन’ हा प्रकल्प हाती घेतला. त्यात आंबा, केळी व लिंबूवर्गीय फळांचा समावेश होता.

उपग्रहाची दृष्टी लहान बागेवर कशी पडते याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. रिसोर्ससॅट उपग्रहाच्या लिस-३ कॅमेऱ्याचा एक ठिपका २३.५ मीटर बाजूचा चौरस दाखवितो. एक एकर बागेत असे जेमतेम सात ठिपके बसतात आणि त्यांतील बहुतेक बांधावर, शेजाऱ्याच्या शेतात अर्धे गेलेले असतात. ५.८ मीटर ठिपक्याच्या लिस-४ कॅमेऱ्यात तीच बाग सुमारे १२० ठिपक्यांची होते आणि ओळखू येऊ लागते. तालुक्यात द्राक्ष किती हे सांगण्यास पहिला पुरेसा ठरू शकतो. बाग कोणाची हे सांगण्यास दुसराही पुरेसा नाही. त्यासाठी पुन्हा बांधावरच यावे लागते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ‘ई-पीक पाहणी’त शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाइलवर पिकाचे स्थानांकित छायाचित्र नोंदवितो. तलाठ्याच्या चावडीत बसून भरलेल्या बारा नंबरच्या तुलनेत हा बदल मोठा आहे. नोंद करणारा हात प्रथमच शेतकऱ्याचा झाला. रकाने मात्र अजूनही त्याने ठरविलेले नाहीत.

नोंदीबाहेरचे पाणी

सांगली जिल्ह्यातील तासगाव, कवठे महांकाळ व जत हा भाग द्राक्षाचा आणि अवर्षणाचाही आहे. २००३ आणि २०१२-१३ च्या दुष्काळांत येथील बागायतदारांनी टँकरने पाणी विकत आणून वेली जगविल्या. द्राक्षबाग हे वर्षाचे पीक नव्हे. मांडव, वेल आणि कर्ज ही सारी अनेक वर्षांची गुंतवणूक असते. एक उन्हाळा पाणी तुटले तर पुढील कित्येक हंगाम जातात. म्हणून शेतकरी विंधन विहीर आणखी खोल नेतो, शेजारच्या शिवारातून नळ आणतो. टेंभू, म्हैसाळ यांसारख्या उपसा सिंचन योजनांचे पाणी जेथे पोहोचले तेथे हा ताण कमी झाला.

निर्यातीच्या दृष्टीने मात्र पाण्याच्या काठावरची बाग आणि टँकरवरची बाग यांचा दाखला सारखाच असतो. भूजलाची पाहणी करणारी यंत्रणा महाराष्ट्रात १९७२ पासून आहे. तिचे मूल्यांकन पाणलोट क्षेत्रानुसार होते. बागेची नोंदणी गाव व गट क्रमांकानुसार होते. पाणलोट गावाची शीव पाळत नाही आणि गट क्रमांक पाणलोट जाणत नाही. एखाद्या पाणलोटात किती नोंदणीकृत बागा आहेत आणि तेथील भूजल त्यांना किती वर्षे पुरेल, हा प्रश्न आयातदाराच्या यादीत नव्हता. म्हणून तो अर्जातही आला नाही. टँकरच्या पाण्यावर तगलेल्या वेलीची त्या वर्षी गोडी छाटणी होते, घड लागतात, नमुना उत्तीर्ण होतो आणि पेटीवर क्रमांक लागतो. टँकरच्या खेपांचा हिशेब शेतकऱ्याच्या घरच्या वहीत राहतो.